ओल, नीळ आणि कलम १४

आमच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद माझ्या मेहुण्याला झाला. तसं त्याने तोंडावर दाखवलं नाही. भिंतीवर हात फिरवला, बोटं नाकाशी नेली, वास घेतला आणि नुसतं "हं" म्हणाला. त्या 'हं'मध्ये "मी तेव्हाच सांगत होतो" हे वाक्य अथपासून इतिपर्यंत भरलेलं होतं. फ्लॅट बघायला आम्ही त्याला बरोबर नेलं होतं. तेव्हा त्याने सॅम्पल फ्लॅटच्या भिंतीवर टकटक करून "भावजी, पोकळ वाटतंय" असं बजावलं होतं. ती भिंत नव्हतीच, कपाट होतं. पण इतिहास असले तपशील ठेवत नाही.

घर पुण्याच्या अशा टोकाला आहे, जिथे काही वर्षांपूर्वी ऊस होता आणि आता ऊस सोडून सगळं आहे. प्रकल्पाचं नाव इतकं परदेशी, की रिक्षावाल्याला आम्ही अजूनही "पाण्याच्या टाकीच्या मागे" असंच सांगतो. ब्रोशरमध्ये कारंजं होतं, तरणतलाव होता, प्रवेशद्वाराशी वाहतं पाणी होतं. पाण्याचं वचन बिल्डरने पाळलं. जागा तेवढी बदलली.

ताब्याच्या दिवशी चांदीचं नाणं मिळालं, पेढ्यांचा बॉक्स मिळाला, तुळशीचं रोप मिळालं आणि सहीसाठी एक कागद मिळाला. आम्ही सदनिकेची बारकाईने पाहणी केली असून बांधकाम, मापं, फरशी, नळ, वायरिंग यांबद्दल आमची कसलीही तक्रार नाही, असं त्यावर आधीच टाइप केलेलं होतं. सही केली की किल्ली. म्हणजे आत सगळं उत्तम आहे हे बाहेरच लिहून द्यायचं आणि मग खात्री करायला आत जायचं. मी काही विचारणार तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "यजमान, मुहूर्त टळतोय." मुहूर्तापुढे मापं काय घेऊन बसलात!

पुढच्या आठवडाभरात घराने आपली ओळख करून दिली. बाथरूममधलं पाणी जाळीकडे जायचं नाही, बेडरूमकडे यायचं. गवंड्याला दाखवलं तर तो उकिडवा बसून बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, "काका, उतार आहे ना. पण तो पलीकडून आहे." हॉलचा मुख्य बटणांचा बोर्ड दाराच्या मागे होता, त्यामुळे दिवा लावायचा तर आधी दार बंद करावं लागे आणि दार बंद केलं की काळोखात बोर्ड सापडत नसे. स्वयंपाकघरातल्या निम्म्या फरश्या चालताना डबडब वाजायच्या. मुलगा त्यावर ताल धरायचा. याला आम्ही बराच काळ त्याची सांगीतिक जाण समजत होतो.

पण ओल ती ओल. पहिल्या पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यात ती वाटीएवढी उमटली. बिल्डरच्या साइट इंजिनिअरला बोलावलं. मुलगा गुणी, मिशी नुकतीच फुटलेली, हातात मोजपट्टी. भिंत पाहून तो म्हणाला, "काही नाही सर, नवीन बिल्डिंग आहे. सेटल होतेय." मी स्वतः पस्तिशी उलटल्यावर सेटल झालो, त्यामुळे इमारतीला घाई करणं मला प्रशस्त वाटेना. त्याने खिशातून पेन्सिल काढली, ओलीभोवती गोल रेघ ओढली, शेजारी तारीख लिहिली आणि म्हणाला, "ऑब्झर्व्हेशनला ठेवू."

ठेवली. पुढच्या खेपेला ओल रेघेबाहेर आली होती. त्याने दुसरी रेघ ओढली, दुसरी तारीख टाकली. मग तिसरी. हळूहळू ओलीची नोंद त्या भिंतीवर इतकी व्यवस्थित झाली, की मुलाच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकातही इतक्या नियमित नोंदी नव्हत्या. आणि दिवाळीच्या तोंडावर बिल्डरने दिलदारपणे रंगारी पाठवला. त्याने पुट्टी लावली, प्रायमर मारला, रंगाचे दोन हात दिले, आणि रेघा, तारखा, ओल सगळं एका दिवसात पोटात घेतलं. रंग जुळला नाही. त्यामुळे ओल कुठे होती हे आता दुरूनही कळू लागलं.

ओल आलेल्या घरात पाहुणा आधी भिंतीपाशी जातो, मग चहा मागतो. प्रत्येकाला निदान येतं. एक म्हणतो चुना कमी पडला, दुसरा म्हणतो वाळू खारी होती, तिसरा म्हणतो सिमेंटला पाणी मारलं नाही, आणि चौथा म्हणतो फार मारलं. सासूबाईंनी तुरटी सुचवली. बायकोच्या ओळखीतले एक वास्तुतज्ज्ञ आले. त्यांनी होकायंत्र काढलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "ईशान्य! अहो, पाणी ईशान्येलाच हवं. लोक मुद्दाम माठ आणून ठेवतात. तुमच्याकडे ते आपण होऊन आलंय." वास्तुशास्त्राच्या न्यायालयात बिल्डर निर्दोष सुटला, आणि दक्षिणा आम्ही भरली.

दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फुगे आले. मी चिडून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भिंतीचा फोटो टाकला. खाली चार अंगठे आले, दोन जोडलेले हात आले, एक रडका चेहरा आला, आणि मग कुणीतरी विचारलं, "विरजण मिळेल का कुणाकडे?" विरजणाला एकोणीस उत्तरं आली.

रात्री सेक्रेटरींचा फोन. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. आवाजात कर्ज नामंजूर करण्याचा अनुभव. "अहो, असे फोटो ग्रुपवर टाकू नका. रेट पडतो."

"पण गळतंय हो."

"आपल्या बिल्डिंगमध्ये लीकेज नाही," ते ठामपणे म्हणाले. "तुमच्याकडे असेल."

त्यानंतर मी लोकांच्या घरी गेलो की भिंती पाहू लागलो. एका घरात विठ्ठलाची तसबीर दाराच्या चौकटीच्या अगदी वर, जवळजवळ छताला टेकवून लावली होती. नमस्कार करायला मान मोडावी लागे. एका घरात कालनिर्णय जमिनीपासून फूटभरावर टांगलेलं होतं. आजोबा एकादशी पाहायला मांडी घालून बसत. तिसऱ्यांकडे सोफ्याच्या मागे वारली चित्राचा चादरीएवढा पडदा होता. "कलेची आवड," असं त्या म्हणाल्या. मी पडद्याचं टोक जरा उचलू लागलो तशी त्यांनी पोह्यांची बशी माझ्या त्याच हातात दिली. इमारतीत लीकेज नव्हतं. फक्त चित्रकला फार होती.

बिल्डरला भेटायला जायचं ठरलं. आमच्यातले तिघेजण रागाने थरथरत गेले, त्यांत मीही होतो. ऑफिसात थंड हवा, पांढरी फुलं, भिंतीवर बिल्डरसाहेबांचा महाराजांबरोबरचा फोटो. साहेबांनी उठून स्वागत केलं. एकाच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. दुसऱ्याच्या मुलीच्या बारावीचे मार्क त्यांना पाठ होते. "सर, आपण एक फॅमिली आहोत. घरात काही झालं तर आपण घरच्यांना नोटीस पाठवतो का? एक फोन करायचा." मी सांगणार होतो की फोन इतके केले की तुमच्या ऑफिसची कॉलर ट्यून मुलगा झोपेत गुणगुणतो. पण तेवढ्यात बदाम घातलेली कॉफी आली. बाहेर पडलो तेव्हा आम्ही तिघांनी साहेबांचे आभार मानलेले होते आणि प्रत्येकाच्या हातात त्यांच्या नव्या प्रकल्पाचं ब्रोशर होतं. त्यातही कारंजं होतं.

मग बायकोने कराराची प्रत काढली. हा करार आम्ही नोंदणीच्या दिवशी पहिल्यांदा पाहिला होता, आणि तिथे वाचायला घेतला की रांगेतले मागचे लोक खाकरतात. आता ती रात्री जेवणं आटोपल्यावर पानंच्या पानं वाचू लागली. एका रात्री तिने मला हलवून उठवलं.

"अहो, ऐका. तापमानात वीस अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक पडून भिंतींना केसाएवढ्या भेगा गेल्या तर तो बांधकामातला दोष समजला जाणार नाही, हे तुम्हाला मान्य आहे."

"मला?"

"खाली सही आहे तुमची."

महाराष्ट्रातल्या पुष्कळ करारांत हे कलम असतं, हे नंतर कळलं. ज्याने ते पहिल्यांदा लिहिलं त्याच्या प्रतिभेला मी मानतो. पुण्यात कडाक्याच्या थंडीत पहाटे दहा अंशांच्या खाली आणि दुपारी तीस हे काही नवल नाही. म्हणजे जानेवारीत आमच्या भिंतीला रोज दुपारच्या जेवणापर्यंत तडकण्याची लेखी परवानगी होती. फरक मोजायचा तर घरात थर्मामीटर एकच, तोही तापाचा. तो भिंतीला लावून पाहिला. भिंतीला ताप नव्हता.

त्याच करारात आणखी एक रत्न होतं: बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय सदनिकेत काही फेरफार केला तर दोषांची जबाबदारी आपोआप संपली. बायकोने हळूच वर पाहिलं. स्वयंपाकघरात वॉटर प्युरिफायर लावताना भिंतीला दोन भोकं पाडली होती. त्या रात्री आम्ही दोघंही त्या भोकांकडे पाहत बराच वेळ गप्प बसलो.

शेवटी बायकोच्या मैत्रिणीची मुलगी वकील आहे, तिच्याकडे गेलो. मेहुणा आलाच. त्याच्या मते कुठलंही प्रकरण सुप्रीम कोर्टापासून सुरू होतं. वकीलबाईंनी एकच प्रश्न विचारला, "काका, ताबा कधी मिळाला?"

सांगितलं. चौथं वर्ष सरत आलं होतं.

"मग वेळ आहे. बिल्डरला लेखी काय कळवलंय?"

"लेखी... भिंतीवर होतं. पेन्सिलीने. त्यांनीच रंगवलं."

ती पोरगी हसली नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. तिने रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांच्या नियमनाचा कायदा काढला. २०१६ चा, पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ पासून. महाराष्ट्र दिनी लागू झालेला कायदा आणि आम्ही त्या दिवशी इतकी वर्षं फक्त झेंडावंदन आणि जिलेबी करत होतो. कलम १४, पोटकलम ३. तिने ते मराठीत सांगितलं: ताब्यापासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या सांगाड्यातला दोष असो, कारागिरीतला असो, मालाच्या दर्जातला असो, की सोयीसुविधांतला, तो बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, की त्याने तीस दिवसांत तो दुरुस्त करून द्यायचा. जादा पैसे न घेता. नाही केला तर ग्राहकाला नुकसानभरपाई मागता येते.

"तीस दिवस?" मी म्हणालो. "आमच्याकडे चार वर्षं ऑब्झर्व्हेशन चालू आहे."

"तुम्ही सांगितलंत, पण कळवलं नाहीत," ती म्हणाली. "फोन, चहा, अंगठे यांना पोचपावती नसते."

ताब्याच्या वेळी सही केलेल्या त्या 'तक्रार नाही'च्या कागदाचं काय, असं मी भीत भीत विचारलं. कायद्याने दिलेला हक्क असल्या छापील कागदाने जात नाही, असं तिचं मत पडलं. वीस अंशांचं काय? "सर, पाणी भिंतीतून येतंय की थर्मामीटरमधून?" आणि ती दोन भोकं? "ती स्वयंपाकघरात आहेत. ओल बेडरूममध्ये आहे." मला एकदम सुटल्यासारखं झालं. चार वर्षांत प्रथमच कुणीतरी भिंतीकडे न पाहता बरोबर निदान केलं होतं.

मग तिने पुढची वाट सांगितली, आणि मेहुण्याने वहीत टिपून घेतली. बिल्डरने ऐकलं नाही तर महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, ऑनलाइन तक्रार, शुल्क पाच हजार रुपये. तिथे समेट घडवणारा सलोखा मंचही आहे, दोघांची तयारी असेल तर आधी तिथे बसता येतं. आदेश होऊनही भरपाई दिली नाही तर वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करायची असते. म्हणजे ज्याने उसाची जमीन घेऊन बिल्डिंग उभी केली, तो सरकारदरबारी शेवटी शेतसारा चुकवणाऱ्यांच्या पंगतीत. मला ही कल्पना फार आवडली.

"आणि ग्राहक कोर्ट?" मेहुणा.

तेही आहे. घर बांधून देणं ही सेवा आहे, तेव्हा त्यातली कसूर ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगून ठेवलं. आणि रेरा असला तरी ग्राहक आयोगाची वाट बंद होत नाही, हे २०२० मध्ये. आता २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा चालतो. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून वर राष्ट्रीय. पुण्यात आता जिल्हा आयोगात जाण्याच्या लायकीचा फ्लॅट शोधणंच कठीण झालंय, हे माझं मत तिने मनावर घेतलं नाही. फक्त तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ती सांभाळा, म्हणाली. आणि रेराच्या आधीच्या इमारतीत राहणाऱ्यांना १९६३ चा जुना मोफा कायदा आहे. त्यात दोष दाखवायला ताब्यापासून तीन वर्षं.

मला कायद्याचा एवढा पुरवठा होतोय हे माहीतच नव्हतं. आमच्या भागात पाणीसुद्धा टँकरने येतं.

"पुराव्यासाठी तारखेसह फोटो लागतील," वकीलबाई म्हणाल्या. ग्रुपवर टाकलेला तो एक सोडला तर भिंतीचे फोटो आमच्याकडे नव्हते. कोण कशाला काढतो? पण बायकोने फोन उघडला आणि एक थोर शोध लागला. आमचे वाढदिवस, हळदीकुंकू, मुलाचं स्नेहसंमेलनातलं मावळ्याचं सोंग, सगळं त्याच बेडरूममध्ये टिपलेलं होतं, कारण तिथे उजेड चांगला येतो. आणि प्रत्येक फोटोत मागे ओल होती. वर्षागणिक मुलगा उंच होत होता आणि ओल रुंद. त्यामुळे पुढे जी कागदपत्रं तयार झाली त्यात 'परिशिष्ट क: तक्रारदाराचा मेहुणा केक खाताना, मागील भिंतीवर ओलीचा डाग' असं एक पान आहे. मेहुण्याने त्याच्या दोन प्रती मागून घेतल्या.

आता बाकीच्या सभासदांना तयार करायचं होतं. बाहेरच्या भिंती, गच्ची, डक्ट ही सगळ्यांची, तेव्हा तक्रार सोसायटीने केली तर वजन पडतं. सभा बोलावली. कोरम नसल्याने अर्धा तास तहकूब झाली. मग पार्किंगवर दीड तास चर्चा झाली. लीकेजचा विषय निघाला तेव्हा सगळे चपला शोधत होते. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं, 'इमारतीत गळती नसल्याने विषय निकाली.'

नेमक्या त्याच आठवड्यात बिल्डरच्या इंजिनिअरने नवा शोध लावला. एव्हाना त्याची मिशी भरली होती. "सर, ही ओल आमची नाही. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची आहे. दोन फ्लॅटधारकांमधला प्रश्न आहे."

वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. त्यांनी दार अर्धंच उघडलं. "आमच्याकडून गळतं? अहो, आमच्या नळाला पाणी येतं कधी, गळायला?" हा युक्तिवाद अभेद्य होता. तरी इंजिनिअरचा आग्रह, की नीळ टाकून पाहू. काकूंच्या बाथरूमची जाळी बुजवायची, पाण्यात नीळ घालायची आणि ते पाणी दोन दिवस साठवून ठेवायचं. निळा डाग आमच्या भिंतीवर उमटला की गुन्हेगार सापडला. काकूंनी तीन अटी घातल्या: पाणी टँकरचं वापरायचं नाही, नीळ आमच्या खर्चाची, आणि त्या दोन दिवसांची अंघोळ आमच्याकडे. सगळ्या मान्य केल्या. दोन दिवस काका टॉवेल गुंडाळून जिन्यावरून ये-जा करत होते आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला या प्रयोगाचं शास्त्रीय महत्त्व समजावत होते.

दोन दिवस आम्ही भिंतीसमोर खुर्च्या टाकून बसलो. भिंत पांढरी ती पांढरीच. ओल होती तशीच, बिनरंगाची. म्हणजे काकू सुटल्या आणि पावसाचं पाणी बाहेरच्या भिंतीतूनच येतंय हे ठरलं. पण टाकलेली नीळ गेली कुठे? ती डक्टमार्गे वळसा घालून खालच्या मजल्यावर सेक्रेटरींच्या हॉलमध्ये उतरली होती. तिथल्या छताखालच्या पीओपीतून ती थेंबाथेंबाने गळू लागली. आणि त्या वेळी त्यांच्याकडे एक एजंट एका गिऱ्हाइकाला घेऊन आला होता. सेक्रेटरी फ्लॅट गुपचूप विकायला काढून बसले होते. "आपल्या बिल्डिंगमध्ये लीकेज अजिबात नाही," हे ते म्हणत असताना पहिला निळा थेंब गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर पडला. मी स्वतः पाहिलेलं नाही. पण एजंटानेच वॉचमनला सांगितलं आणि वॉचमनने कुणालाच सांगायचं ठेवलं नाही.

पुढची सभा सेक्रेटरींनीच तातडीने बोलावली. "सभासदहो, आपल्या बिल्डिंगमध्ये भयंकर लीकेज आहे!" हे त्यांचं पहिलं वाक्य. सभेत क्षणभर शांतता, आणि मग बांध फुटला. विठ्ठलाच्या तसबिरीवाले उठले, कालनिर्णयवाले आजोबा उठले, वारलीवाल्या बाईंनी तर फोनवर पडद्यामागचे फोटो दाखवले. प्रत्येकाला आपली ओल दुसऱ्यापेक्षा मोठी असल्याचा अभिमान वाटू लागला. कोरम त्या दिवशी पहिल्यांदा पुरून उरला.

पत्राचा मसुदा करायला समिती नेमली. वकीलबाईंनी एका पानाचं साधं पत्र दिलं होतं: ताब्याच्या तारखा, दोषांची यादी, फोटो, कलम १४(३), तीस दिवस. पण समितीत निवृत्त मुख्याध्यापक होते. 'आदरणीय' लिहायचं की नुसतं 'महोदय', यावर एक दुपार गेली. एक गट म्हणे, भांडण असलं तरी संस्कार सोडू नयेत. दुसरा म्हणे, ज्याने गच्चीला उतार दिला नाही त्याला आदर तरी का द्यायचा. मग मुख्याध्यापकांनी 'दुरुस्ती'तला रु ऱ्हस्व आहे याकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं आणि चहा झाला. शेवटी 'महोदय' राहिलं, 'कृपया' गेलं, आणि 'अन्यथा' हा शब्द सर्वानुमते मोठ्या अक्षरात घेतला. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पत्र गेलं, शिवाय ईमेल.

बिल्डरच्या वकिलांचं उत्तर आलं. त्यात वीस अंश होते. वॉटर प्युरिफायरची भोकं होती (कोणी सांगितलं असेल, देव जाणे). सभासदांनी कामगारांना आत येऊ दिलं नाही, असंही होतं. काकांनी दोन दिवस घरच्या अंघोळीचा त्याग केला, त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. शेवटी 'सर्व आरोप अमान्य' असं ठासून म्हटलं होतं, आणि त्याखाली, केवळ सद्भावनेपोटी दुरुस्ती हाती घेत असल्याचं.

आणि खरोखर घेतली. तीस दिवस संपायच्या आत बाहेरच्या भिंतीला परांची लागली. खिडक्यांच्या कडा खरवडल्या गेल्या, भेगांत ग्राउट भरलं गेलं, गच्चीचा कोबा फोडून पुन्हा उताराने घातला गेला. साइट इंजिनिअर रोज हजर. त्याने आता पेन्सिल आणलीच नाही. वाटेत अपघातही झाले. काकूंच्या बाथरूमची फरशी काढताना नळाचा पाइप फुटला आणि काकूंच्या घरी प्रथमच भरपूर पाणी आलं. सेक्रेटरींच्या पीओपीचे निळे डाग मात्र गेले नाहीत. त्यावर रंग मारला की तो आकाशी होतो. हल्ली ते ती 'थीम' असल्याचं सांगतात. त्यांचं फ्लॅट विकणं तूर्त स्थगित आहे, कारण रेट वाढलाय.

मेहुणा परवा येऊन भिंतीवर हात फिरवून गेला. कोरडी होती. त्याचा चेहरा पडला. जाताना स्वयंपाकघरातल्या फरशीवर टाचेने ठोकलं, डबडब ऐकलं आणि प्रसन्न झाला. फरश्यांचं दुसरं पत्र तयार आहे. मुख्याध्यापक तपासताहेत.

तुमचंही घर नवं असेल तर ताबापत्र काढा आणि त्यावरची तारीख पाहा. पाच वर्षं व्हायला थोडेच दिवस उरले असतील तर शेजाऱ्यांच्या तसबिरी उतरायची वाट पाहू नका. जे गळतं, तडकतं, वाजतं, त्याचे तारखेसह फोटो काढा आणि बिल्डरला स्वतःच्या नावाने पत्र पाठवून द्या. 'आदरणीय' लिहिलंत तरी चालेल. पोचपावती तेवढी कोरड्या भिंतीच्या कपाटात ठेवा.